म्हाताऱ्या भाईंना सूट कशाला?

घोड्यांच्या शर्यतीत म्हातारा याकुझा, म्हणजे जपानी टोळीवाला, लांबून दोन्ही पंजे दाखवतो. पाच-पाचवर लाव! मित्र तिकीट काढतो पाच-तीनचं. म्हाताऱ्याची दोन बोटं तरुणपणीच छाटलेली, मित्र तरी काय करणार?

जपानी दिग्दर्शक ताकेशी कितानोच्या २०१५ च्या ‘रियुझो अँड द सेव्हन हेंचमेन’ या सिनेमातला हा विनोद. हसून पुरेवाट होते. पण ती बोटं गेली कशी? टोळीच्या म्होरक्याची माफी मागायची तर बोट कापून पुढे ठेवायचं, हा त्या धंद्याचा रिवाज.

हसा. पण रिवाज विसरू नका.

सिनेमाचा नायक, जुना याकुझा रियुझो (तात्सुया फुजी), आता मुलाच्या घरी राहतो. मुलगा सरळमार्गी नोकरदार. बापाचं गोंदलेलं अंग शेजारीपाजारी पाहतात याचीच त्याला धास्ती. एक दिवस फोन येतो: बाबा, मी बोलतोय, कंपनीच्या पैशांचा घोळ झालाय. बाप विरघळतो. घरात रोकड नाही, तर पैसे न्यायला आलेल्या पोराला म्हणतो, बोट कापून देतो. पोरगं धूम ठोकतं.

जन्मभर लोकांना दमात घेतलं आणि एका फोनला फसला!

मग जुनी टोळी जमते. म्होरक्या कोण? खून किती, तुरुंगात वर्षं किती, त्याचे गुण मांडून ठरवतात. समोर फोनवर गंडवणारी सुटाबुटातली पोरं, कंपनीची पाटी लावून बसलेली. प्रेक्षक अर्थातच म्हाताऱ्यांच्या बाजूने. इथेच माझं बिनसतं.

खरे याकुझाही असेच थकलेत. १९६३ मध्ये ते सुमारे १ लाख ८४ हजार होते. २०२४ अखेर २० हजारांच्या आत आले. निम्म्याहून जास्त पन्नाशीपुढचे. १९९२ मध्ये टोळीविरोधी कायदा लागू झाला. २०११ पर्यंत जपानच्या प्रत्येक प्रांताने नियम केला की यांच्याशी व्यवहारच नको. बँकेत खातं नाही, भाड्याने घर नाही, मोबाइलचं कनेक्शन नाही. टोळी सोडली तरी साधारण पाच वर्षं दारं बंदच.

वाईट वाटतं? मग ज्या दुकानदारांनी हप्ते भरले, त्यांचं कुणाला वाटलं?

‘जुन्यांना निदान तत्त्वं होती.’ हे वाक्य मुंबईतही चहाच्या टपरीवर ऐकू येतं. भाई गोरगरिबांना मदत करायचा म्हणे. कुणाच्या पैशाने? शेजारच्याच गल्ल्यातून उचललेल्या ना?

म्हणून नवे परवडले, असंही नाही. आपल्याकडे आज खोटा फौजदार व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अरेस्ट’ करतो आणि निवृत्त माणसाची आयुष्यभराची पुंजी तासाभरात साफ होते. कायद्यात असली अटक नाहीच, तरी माणसं घाबरतात. एकट्या म्हाताऱ्याला फोनवर धमकावणारा हा भामटा आणि दुकानदाराला सुरा दाखवणारा तो दादा, दोघांत निवड करायला मला सांगूच नका.

कितानोलाही ती करायची नाही. सिनेमात तो स्वतः पोलीस झालाय. शेवटी सुटाबुटातली पोरंही पकडली जातात, म्हातारेही.

ज्येष्ठ नागरिकांची सवलत नाही.