बॅटरी निर्दोष आहे

कुंपण छाटायचं बिनवायरीचं यंत्र बंद पडलं की सोसायटीची कमिटी बॅटरीला दोषी ठरवून मोकळी होते. बॅटरी बिचारी बरेचदा निर्दोष असते. फांद्यांचा रस पात्यांवर वाळून घट्ट होतो, पाती जड सरकतात, मोटर जास्त करंट ओढते आणि संरक्षक सर्किट वीज तोडतं. या शहाणपणाला आपण बिघाड म्हणतो. बॅटरी काढून पाती पुसायची आणि तेलाचे थेंब सोडायचे, एवढाच उपाय. पण त्यात ना ठराव, ना कोटेशन, म्हणून तो कुणाला पटत नाही.

बॅटऱ्या म्हाताऱ्या होतच नाहीत का? होतात, आणि आपण हातभारही लावतो: पूर्ण चार्ज करून भर मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवतो. लिथियम-आयनला मानवतो गारवा आणि अर्धवट चार्ज. मग १८ व्होल्टऐवजी ‘२० व्होल्ट मॅक्स’ आणून प्रगती साधली जाते. आत त्याच पाच सेलची रांग. पहिला आकडा कामाचा, दुसरा नुकत्याच चार्ज होऊन स्वस्थ बसलेल्या बॅटरीचा. त्यापेक्षा माळ्याची कात्री बरी, म्हणणारा पक्ष आहेच. पण धार नि तेल तिलाही लागतं, आणि तो विषयही कमिटीच्या अजेंड्यावर कधी येत नाही.