कानसेन

डोंबिवलीत जुनी गाडी बाळगणारे लोक दोन प्रकारचे. गाडी मिसिंग मारायला लागली की पहिल्या प्रकारचा माणूस मेकॅनिकला फोन करतो. दुसऱ्या प्रकारचा माणूस डोळे मिटतो. आमच्या सोसायटीतले नाना दुसऱ्या प्रकारात मोडतात.

नानांकडे प्रीमियर पद्मिनी आहे. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, रंग एकेकाळी दुधी. नाना जन्मभर लोकलने ऑफिसला गेले आणि गाडी रविवारसाठी ठेवली, त्यामुळे ती पळाली कमी आणि पुसली गेली जास्त. रविवारी चहा झाला की ते खाली उतरतात, बॉनेट उघडून गाडी सुरू करतात, एक लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनावर टेकवतात आणि त्याची मूठ कानाला लावतात. मग डोळे मिटतात. दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर ताल धरतात. सावित्रीबाई फुले कलामंदिरात मैफल ऐकतानाही नाना असेच दिसतात. तिथे ते मान हलवून दाद देतात, इथे थोड्या वेळाने डोळे न उघडता म्हणतात, "तिसरा मात्रा खातोय."

तिसरा म्हणजे तिसरा सिलिंडर. यावर कोणी "नाना, गॅरेजला टाका ना" असं सुचवलं, तर ते त्याच्याकडे कीव केल्यासारखं बघतात. "गॅरेजवाला पार्ट बदलतो रे. दोष कोण शोधणार?"

दोष शोधण्याचा नानांचा एकच नियम: एका वेळी एकच. प्लग साफ केलेत तर पॉइंटला हात लावायचा नाही, पॉइंट घासलेत तर कार्ब्युरेटर उघडायचा नाही. दोन गोष्टी एकदम केल्या आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली ते कळणार कसं? हा नियम घरातही चालतो. पोट बिघडलं तर नाना ओवा घेतात किंवा ताक घेतात. दोन्ही एकदम घेत नाहीत, आणि काकूंनाही घेऊ देत नाहीत.

तपासाआधी उलटतपासणी असते. एकदा माझी जुनी मारुती ८०० गेटपाशी धडधडायला लागली. ठाण्याला मेहुण्याचं लग्न, मागे बायको मांडीवर आहेर घेऊन बसलेली. नाना दुसऱ्या मजल्यावरून स्क्रूड्रायव्हरसकट खाली आले.

"थंड असताना करते की तापल्यावर?"

थंड असताना केलं तर नानांचा संशय चोकवर. तापल्यावर झटके दिले तर कंडेन्सर, नाहीतर कॉइल. रस्त्यावर नीट पळते पण सिग्नलला थरथरते, मग स्लो जेट चोंदलंय किंवा गॅस्केटमधून हवा ओढतेय. फक्त पावसाळ्यात करते? डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल. प्रत्येक उत्तरानंतर एक "अस्सं!" यायचं आणि मुहूर्त जवळ यायचा. "तीनच सिलिंडर आहेत रे हिला," नाना हळहळले, "एक रुसला की तिसरा हिस्सा घर रुसलं." मागून बायको म्हणाली, "दुसरा हिस्सा आता रुसतोय." नाना म्हणाले, "जरा बोलू नका, ऐकू येत नाही."

मग वायरींची परीक्षा. इंजिन चालू ठेवायचं, करंट बसू नये म्हणून हातात कोरडं फडकं घ्यायचं आणि प्लगची एकेक वायर उपसायची. वायर काढल्यावर इंजिन आणखी ढेपाळलं, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर कामचुकार तोच. "आमच्या ऑफिसातही हेच करायला हवं होतं," नाना सांगतात. "एकेकाला रजेवर पाठवायचं आणि बघायचं, कोणाच्या जाण्याने काही अडत नाही." गॅलरीत कपडे वाळत घालता घालता काकूंनी विचारलं होतं, "तुमच्या रजेत अडायचं का हो?" त्या दिवशी नानांनी उरलेल्या वायरी गप्प बसून तपासल्या.

काढलेले प्लग ते वर्तमानपत्रावर ओळीने मांडतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. टोक काजळीने काळं असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरं पडलं असेल तर हवा जास्त, फिकं तपकिरी असेल तर सगळं ठीक. पद्मिनीचे प्लग पेटण्याचा क्रम, एक-तीन-चार-दोन, सोसायटीतल्या पोरांना पाठ आहे. त्यातल्या एकाने शाळेत आकडे याच क्रमाने म्हटले, तेव्हा त्याच्या आईने वर येऊन विचारणा केली. पण एकदा साफसफाईनंतर गाडी आणखीच फाटफाट करायला लागली, तेव्हा तिसरी आणि चौथी वायर अदलाबदल झालीय हे त्याच पोराने दाखवलं. नाना म्हणाले, "तयार झाला!" चूक कोणाची, हा विषय निघाला नाही.

गुढीपाडव्याची शोभायात्रा डोंबिवलीने १९९९ साली सुरू केली. पुढे एका वर्षी सोसायटीचा चित्ररथ पद्मिनीवर सजला. फडके रोडवर, गणपती मंदिराच्या अलीकडे, तिने मिसिंग मारलं. फेटा बांधलेले नाना उतरले, बॉनेट उघडून कान लावला, पण मागे ढोल-ताशा. त्यांनी हात उंच केला. पथकाला काय वाटलं कोण जाणे, ढोल थांबले. मागच्या लोकांना वाटलं श्रद्धांजली आहे. त्यांनी माना खाली घातल्या. त्या शांततेत नाना खुशीने ओरडले, "तिसराच!"

पद्मिनीच्या घराण्याबद्दल बोलताना मात्र त्यांचा आवाज उतरतो. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली कंपनी, कुर्ल्याचा कारखाना, सगळं ते घरच्यासारखं सांगतात. शीळ रस्त्याने जाताना प्रीमियर कॉलनीशी गाडी हळू करतात. "इथे प्यूजो ३०९ बनायची. आपली कुर्ल्याची, पण ही मावशीची जागा." २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली. बातमी बघून नानांनी टीव्ही बंद केला आणि अंघोळ केली.

खरा दोष काकूंनी फार पूर्वी ओळखला होता. "ती उभी राहून आजारी पडते," त्या म्हणायच्या. खरंच होतं. कायम उभ्या राहणाऱ्या गाडीच्या जेटमध्ये पेट्रोलचा चिकटा धरतो, पॉइंट काळे पडतात, आणि रविवारी नुसतीच उभ्या उभ्या घुरघुरवली की प्लगवर काजळी चढते. शेवटी काकूंनी टिटवाळ्याच्या गणपतीला दर मंगळवारी जायचं बोलून टाकलं. नवस म्हटल्यावर नाना काय करणार? काही मंगळवारांत गाडी अशी गुळगुळीत चालायला लागली की गेटवरच्या वॉचमनला ती आल्याचं कळेना.

नाना मात्र बेचैन. पहिल्याच मंगळवारी निघताना त्यांनी नवे प्लगही बसवले होते. "दोन गोष्टी एकदम झाल्या. गुण कशाचा, प्लगचा की टिटवाळ्याचा?" परवाच्या रविवारी त्यांनी चांगल्या चालत्या गाडीचे नवे प्लग काढले आणि जुने काळे प्लग परत बसवले. गाडी सुरू केली, स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले. फट्, फट्. नानांचा चेहरा उजळला.

"तिसरा!"

"कळलं ना? आता नवे बसवा," काकू वरून म्हणाल्या.

"थांब गं, प्लगचं कळलं. आता या मंगळवारी टिटवाळा बंद ठेवून बघू."

"प्लग तुमचे आहेत," काकू म्हणाल्या, "गणपती माझा आहे."