गुडघे, विहीणबाई आणि खडकातली फट

उत्तर अरिझोना आणि दक्षिण युटा ह्या भागात जमिनीला भेगा पडल्या आहेत. आपल्याकडे भेगा पडल्या की दुष्काळ जाहीर होतो. तिथे तिकीट लावतात. ह्या भेगांना स्लॉट कॅन्यन म्हणतात. वर शंभर-सव्वाशे फुटांवर आभाळाची बारीकशी पट्टी, दोन्ही अंगांना केशरी खडक आणि खाली वाळूतून एकामागे एक जाता येईल एवढीच वाट. लेकीने आणि जावयाने गणपती आटोपल्यावर आम्हाला फीनिक्सहून तिकडे न्यायचं ठरवलं, तेव्हा आमच्या पार्टीत माझे दोन गुडघे होते (एक मूळचा, एक बसवलेला), ह्यांचं पोट होतं आणि जावयाच्या मातोश्री, म्हणजे आमच्या विहीणबाई, होत्या.

विहीणबाई नागपूरच्या. माझ्याहून वयाने मोठ्या, पण पहाटे उठून सूर्यनमस्कार घालतात आणि ते घातल्याचं आठ वाजेपर्यंत सगळ्यांना कळवतात. "ताई, गुडघा हा शेवटी मनाचा खेळ असतो," असं त्या मला कौतुकाने म्हणाल्या. माझ्या मनात कोबाल्ट-क्रोमचा तुकडा नक्की कोणी बसवला, हे मी विचारलं नाही. विहिणीशी बोलताना काही पथ्यं पाळावी लागतात. जावई आम्हा दोघींनाही आईच म्हणतो, त्यामुळे तो "आई, जपून!" असं ओरडला की दोघी थांबायचो. मी उपकृत होऊन आणि त्या रागावून.

जावयाने सहलीची एक्सेल शीट केली होती. अंतर, चढ, लागणारा वेळ, पार्किंग. वाटा सोप्या की अवघड हे सगळीकडे असंच, मैलांवरून आणि फुटांवरून ठरवतात. ते ठरवणाऱ्यांचे गुडघे पंचविशीतले असणार. माझ्या गुडघ्याला मैलांचं फारसं काही वाटत नाही. सपाटीवर सोडा, तो चालत राहतो. त्याचे प्रश्न निराळे. पायरी किती उंच? धरायला काही आहे का? उतरताना जिना आहे की शिडी? (चढणं परवडतं. उतरताना सगळा भार वाटीवर येतो, हे शिडी बनवणाऱ्यांना कोणीतरी सांगायला हवं.) मध्ये बूड टेकायला दगड आहे का, आणि त्यावरून परत उठता येईल का? मी त्याला हे सगळे कॉलम घालायला लावले. त्यानंतर निम्मी शीट लाल झाली.

पहिल्यांदा गेली बकस्किन गल्च. अमेरिकेतल्या सगळ्यांत लांब स्लॉट कॅन्यनमध्ये तिचं नाव घेतात. तिथे शिरायची सोयीची वाट वायर पासमधून जाते आणि त्या वाटेवर अडकलेल्या धोंड्यांवरून आठ-दहा फूट खाली उतरावं लागतं. हे म्हणाले, "मी सांदण दरी उतरलोय." सांदण दरी ह्यांनी उतरली तेव्हा आमचं लग्न व्हायचं होतं. त्या भांडवलावरचं व्याज हे अजून खात आहेत. त्यामुळे ह्यांचा मोर्चा एस्कलांतेजवळच्या स्पूकी गल्चकडे वळला. त्या फटीची रुंदी काही ठिकाणी दहा-अकरा इंच भरते. तिथे आडवं होऊन सरकायचं असतं. लेकीने ह्यांना हॉटेलच्या कपाटाला पाठ लावून उभं केलं, पोटापुढे टीव्हीचं माहितीपत्रक उभं धरलं आणि टेपने माप घेतलं. तेरा इंच. "श्वास सोडा बाबा." बारा. "सगळा सोडलाय," हे म्हणाले, आणि मग बराच वेळ काहीच म्हणाले नाहीत. स्पूकी लाल झाली. त्याच रात्री जावयाने '१२७ अवर्स' लावला. २००३ मध्ये युटातल्या ब्लूजॉन कॅन्यनमध्ये आरन राल्स्टनचा हात धोंड्याखाली सापडला आणि पाच दिवसांनी त्याने तो स्वतःच कापून सुटका करून घेतली, त्याची गोष्ट. संगीत रहमानचं आहे, एवढाच त्यातला दिलासा. आदल्या रात्री हा सिनेमा दाखवण्यामागे जावयाचा काय हेतू होता, हे मला अजून कळलेलं नाही.

उरलं अँटेलोप कॅन्यन. ते पेज ह्या गावाजवळ नवाहो लोकांच्या जमिनीत आहे, आणि त्यांच्या वाटाड्याशिवाय आत जाता येत नाही. त्याचे भाग दोन. लोअर सुमारे चारशे मीटर लांब. वरून पाहिलं तर जमिनीत नुसती चीर. आत उतरायला लोखंडी उभे जिने, आणि तळाशी इतकं निमुळतं की पावलापुढे पाऊल ठेवावं लागतं. अप्पर दोनशे मीटर, तळाशी ऐसपैस, वर चिंचोळं, चालायला सपाट वाळू. म्हणजे लोअर पोट सांभाळणाऱ्यांना नको आणि गुडघे सांभाळणाऱ्यांना तर नकोच. अप्पर ठरलं.

आता प्रश्न गोळीचा. माझी गुडघ्याची गोळी चालण्याआधी तासभर घ्यावी लागते. साधी गोष्ट आहे, पण पेजमध्ये नाही. अरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. शेजारचं युटा करतं. नवाहो नेशनचा बराच भाग अरिझोनात आहे, तरी ते करतं. आणि कॅन्यन नवाहोंच्या जमिनीत असलं तरी तिथल्या फेऱ्या पेजच्या घड्याळाने सुटतात. आमचे फोन ज्या बाजूचा टॉवर पकडत, त्या बाजूची वेळ दाखवत. माझा फोन दहा म्हणे, लेकीचा अकरा, आणि ह्यांनी भारतातली वेळ बदललीच नव्हती, त्यामुळे त्यांचं कोणी विचारलं नाही. शेवटी मी हॉटेलच्या भिंतीवरचं घड्याळ प्रमाण मानून गोळी घेतली.

पिशव्या, पर्स, ट्रायपॉड, सेल्फी स्टिक काहीही आत न्यायचं नाही. माझ्या काठीकडे वाटाड्याने निरखून पाहिलं, मग माझ्या चालण्याकडे पाहिलं, आणि मान हलवली. मग उघड्या गाडीतून वाळूच्या कोरड्या पात्रातून हाडं खिळखिळी करणारा प्रवास. माझ्या मते खरी परीक्षा हीच. गुडघा बसल्या बसल्या इतका कधी हलला नव्हता.

आत शिरलो आणि मी थांबले. मागच्यांनी वाट पाहिली असेल, पाहू दे. हा खडक एके काळी वाळूच्या टेकड्या होता, ज्युरासिक काळातल्या, सुमारे एकोणीस कोटी वर्षांपूर्वीच्या. वाऱ्याने रचलेले त्या वाळूचे थर चिरोट्याच्या पापुद्र्यांसारखे अजून दिसतात, फक्त तिरके. मग त्यांचा दगड झाला आणि वरच्या माळावरच्या पावसाचं पाणी वाळू-गोटे घेऊन त्यातून घुसत राहिलं. कोरतं पाणी, पण हत्यार वाळू. नगर जिल्ह्यात निघोजला कुकडीच्या पात्रात ज्यांनी रांजणखळगे पाहिले आहेत, त्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथे काळा बेसॉल्ट आहे म्हणून खळग्यांवर भागलं. इथे खडक मऊ. हात लावला तर तळव्याला बारीक गुलाबी कण चिकटतात. मी एक हात काठीवर आणि एक भिंतीवर ठेवून चालले होते. कठडा असा, की माझ्या आयुष्यात कोणत्याही सरकारी इमारतीने इतका सलग दिला नाही. उन्हाळ्यात दुपारी वरून प्रकाशाचे झोत थेट वाळूवर उतरतात म्हणतात. आमच्या वेळेला झोत नव्हता, पण ऊन एका भिंतीवरून दुसरीवर आपटत खाली येतं आणि प्रत्येक आपटण्यात रंग बदलतं. वर पिवळं, मध्ये शेंदरी, तळाशी जांभळट.

वाटाडा सगळ्यांचे फोन मागून घेऊन फोटो काढून देत होता आणि अस्वल, हृदय असे आकार दाखवत होता. मला अस्वल दिसलं नाही. ह्यांना दोन दिसली.

त्यानेच पावसाचं सांगितलं. तिथेही मान्सून असतो, १५ जून ते ३० सप्टेंबर असा कागदोपत्री. आम्ही इकडचा चुकवून तिकडच्याच्या शेपटीत गेलो होतो. १२ ऑगस्ट १९९७ रोजी लोअर अँटेलोपमध्ये अकरा पर्यटक वाहून गेले. कॅन्यनवर पाऊस जवळजवळ नव्हता. वादळ कित्येक मैल वरच्या अंगाला कोसळलं होतं, आणि ते पाणी भिंतीसारखं खाली आलं. वाटाडा बोलायचा थांबला तेव्हा आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. आभाळ निळं होतं. त्या दिवशी त्या माणसांचंही असणार. आता वरच्या भागातल्या ढगांवर नजर ठेवून फेऱ्या रद्द करतात, आणि लोअरमधले ते खिळवलेले लोखंडी जिने नंतरच बसवलेले.

एवढ्यात विहीणबाई गायब असल्याचं लक्षात आलं. त्या मागे, एका वळणावर, भिंतीला टेकून उभ्या होत्या. दोन्ही तळवे खडकावर, डोळे मिटलेले, कपाळावर घाम. "बरं नाही का वाटत?" मी विचारलं. "वर बघवत नाही हो," त्या म्हणाल्या. "भिंती जवळ येतायत." सूर्यनमस्कारात ह्यावर इलाज नसावा. मी त्यांचा हात धरला, त्यांनी माझी काठी धरली, आणि आम्ही दोघी, एकीचे डोळे मिटलेले आणि एकीचे गुडघे आखडलेले, अप्पर अँटेलोपच्या उरलेल्या भागातून निघालो. "आता डावीकडे. आता वाळू. आता अस्वल म्हणतात ते." त्यांनी अस्वलाला डोळे मिटूनच नमस्कार केला. मागच्या रांगेतून एक जपानी गृहस्थ आमचा फोटो काढत होते.

अप्परला पायऱ्या नाहीत, असं शीटमध्ये हिरव्या रंगात लिहिलं होतं. आत नाहीतच. पण वाट एकदिशा केली आहे, पलीकडून बाहेर पडायचं आणि गाडीकडे वरून परत यायचं. वरून म्हणजे लोखंडी जिन्यांनी आणि उतारांनी. बाहेर पडताच विहीणबाईंनी डोळे उघडले, मोठा श्वास घेतला आणि माझ्या आधी खाली पोचल्या. मी प्रत्येक पायरीवर चांगला पाय आधी की वाईट हे मनात घोकत उतरले: चढताना चांगला, उतरताना वाईट. फिजिओथेरपिस्टने शिकवलेलं हे एकच सूत्र मला पाठ आहे. जावई खालून "आई, जपून!" म्हणाला. ह्या वेळी त्याच्या आईने मागे वळून पाहिलंही नाही.

हॉर्सशू बेंडला जावयाची पाळी आली. कोलोरॅडो नदी तिथे नालेच्या आकारात वळसा घेते आणि तुम्ही हजार फूट वरून पाहता. आता तिथवरची वाट इतकी सपाट बांधली आहे की चाकाची खुर्चीही जाते. मी काठी टेकत कठड्यापर्यंत गेले, मनसोक्त पाहिलं. जावई काठापासून पंधरा पावलांवर जमिनीवर बसला होता. "तुम्ही बघून या, आई. मी गाडीच्या किल्ल्या सांभाळतो." त्याने किल्ल्या दोन्ही हातांनी धरल्या होत्या.

झायनमध्ये मात्र सगळ्यांचं जमलं. शटलच्या शेवटच्या थांब्यापासून व्हर्जिन नदीच्या काठाने मैलभर फरसबंद वाट जाते, रिव्हरसाइड वॉक. ती संपते तिथे नॅरोज सुरू होतात आणि पुढची वाट म्हणजे नदीच. लोक भाड्याचे बूट आणि लांब काठ्या घेऊन पाण्यात उतरतात. हे उतरले, दहा पावलांत गोट्यावरून घसरून पाण्यात बसले आणि बसलोच आहे तर बसतो असा चेहरा करून बसून राहिले. विहीणबाई पलीकडे गेल्या. इथे भिंती लांब होत्या. मी काठावरच्या दगडावर बसून पाय पाण्यात सोडले. पाणी इतकं गार, की दवाखान्यातल्या बर्फाच्या पिशवीचे पैसे वाचले. एक गलेलठ्ठ खार आली आणि लेकीने सोडलेल्या चकलीच्या पुडीकडे अशी बघू लागली की जणू तिचंच बुकिंग होतं. त्यांना खायला घातलं तर दंड होतो. तिला कोणी सांगितलं नसावं.

परतीच्या शटलमध्ये जावयाने पुढच्या वर्षीची शीट उघडली. जॉर्डनमधलं पेट्रा. तिथे आत जायला सिक नावाची सव्वा किलोमीटरची फट आहे, पण ती पाण्याने कोरण्याआधी भूगर्भातल्या हालचालीने दुभंगलेली. आतपर्यंत बॅटरीची गाडी जाते. "गुडघे हिरवे," तो म्हणाला.

"रुंदी?" ह्यांनी विचारलं.

"कमीत कमी तीन मीटर, बाबा."

ह्यांनी बेल्ट एका भोकाने सैल केला. विहीणबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. "आणि वर आभाळ किती दिसतं रे?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

जावयाने शीटमध्ये तो कॉलम शोधला. नव्हता. त्याने नवा घातला आणि त्याच्या शेजारी, कोणी बघत नाही असं समजून, अजून एक: 'काठ किती जवळ'.