उघड्या टपाचं वैभव

नरसी नामदेव गावात बैलगाडीला टप नसतो, ट्रॅक्टरलाही बहुधा नसतो. त्याचं कौतुक कुणी करत नाही. पण ५० वर्षांची, उघड्या टपाची एखादी एमजी किंवा ट्रायम्फ मोटार पारापाशी येऊन थांबली, की तेच उघडं डोकं वैभव ठरतं. मालक मात्र टप उघडायला कचरतो. मे महिन्यात उघडला तर टाळू भाजते, जूनमध्ये उघडला तर मिटेपर्यंत पाऊस सीटवर बसलेला असतो. कापडाची शिवण उसवली की पुण्या-मुंबईत कारागीर शोधायचा, कापड विलायतेहून मागवायचं. आणि हे गाव शिंप्याच्या घरात जन्मलेल्या नामदेव महाराजांचं!

सरकारने मात्र या हौशी जमातीची नस अचूक ओळखली आहे. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या व्हिंटेज गाडीची नवी नोंदणी २०,००० रुपयांत, १० वर्षांसाठी. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. रोजच्या वापराला बंदी. रस्त्यावर आणायची ती प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच. आता पंप आणि गॅरेज सोडून ही गाडी एरवी तरी कुठे जात होती? कयाधू नदीच्या काठी स्टार्टर रुसला तर ढकलायला लागणारी माणसं तेवढी नियमात नाहीत. ती पारावरून उठून येतात, धोतराचा सोगा खोचतात आणि ढकलता ढकलता विचारतात, “मालक, ॲव्हरेज किती देते?”