डबा रिकामा, बटण खोटं

'द क्रू' हा मोटारींच्या शर्यतीचा गेम. युबिसॉफ्टने तो डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आणला, पूर्ण किमतीला विकला. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले. पुढच्या काही दिवसांत लोकांच्या खात्यांतून लायसन्सही काढून घेतलं.

ज्यांनी डाउनलोड करून घेतला होता, त्यांचा गेला. ज्यांनी दुकानातून डबा आणला होता, त्यांचाही गेला. कारण हा गेम एकट्याने खेळायचा तरी सर्व्हर लागायचाच.

आता सांगा, सीडी बरी की डाउनलोड?

दर दिवाळीला हा वाद नव्याने पेटतो. दुकानदार म्हणतो सीडी घ्या, पोरगं म्हणतं डाउनलोड करू, बाप विचारतो स्वस्त कुठलं. विचारायचा प्रश्न वेगळाच आहे आणि तो कुणी विचारत नाही: कंपनीला न विचारता हा गेम चालेल का?

आधी डाउनलोडवाल्यांकडे वळू. त्यांचं पुष्कळसं म्हणणं बरोबर आहे. दुकानाची पायपीट नाही, सीडीवर चरे नाहीत. स्टीम या डिजिटल दुकानातून गेम घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत, २ तासांपेक्षा कमी खेळून परत केला, तर पैसे मिळतात. सील फोडलेला डबा कुठला दुकानदार परत घेतो? शिवाय छोट्या मंडळींना जगाचा बाजार उघडला तो डाउनलोडमुळे. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी: ॲन एन्शंट एपिक' केला आणि २०२० मध्ये तो डिजिटल दुकानांतून देशोदेशी पोचला. मूठभर माणसांच्या चमूने डबे छापून, जहाजाने पाठवून टोकियोच्या फळीवर कधी मांडले असते?

मग खटकतं कुठे?

'विकत घ्या' या बटणावर.

ते बटण दाबल्यावर तुम्हाला गेम मिळत नाही. गेम वापरण्याची परवानगी मिळते आणि ती मागे घेण्याचा हक्क कंपनी स्वतःकडे ठेवते. ठाण्यात किंवा कोथरूडला भाड्याने राहणाऱ्या माणसाला लायसन्स म्हणजे काय ते समजावावं लागत नाही. ११ महिन्यांचा करार, शेवटची तारीख लिहिलेली, नोटिशीची मुदत लिहिलेली, निघताना डिपॉझिट परत. गेमच्या लायसन्सवर ना तारीख, ना डिपॉझिट. पैसे मात्र फ्लॅट नावावर केल्यासारखे आधीच पूर्ण मोजायचे.

कॅलिफोर्नियाने यावर २०२४ मध्ये कायदा केला. १ जानेवारी २०२५ पासून तो लागू आहे. डिजिटल वस्तूची मालकी ग्राहकाला मिळणार नसेल तर 'विकत घ्या' म्हणायचं नाही. म्हणायचंच असेल तर हे फक्त लायसन्स आहे असं समोर स्पष्ट लिहायचं. ऑफलाइन कायमची जवळ ठेवता येईल अशी फाइल देत असाल तर ही अट नाही. कायदा लागू होण्याआधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, स्टीमने पैसे भरण्याच्या पानावर ती ओळ टाकली.

एक ओळ. लिहायला किती वेळ लागतो? लिहायला किती वर्षं लावली?

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये 'डार्क पॅटर्न'ची, म्हणजे ऑनलाइन दुकानांतल्या लबाड क्लृप्त्यांची, यादी जाहीर केली. एकूण १३ प्रकार. खोटी घाई लावणं, टोपलीत गुपचूप वस्तू सरकवणं, सबस्क्रिप्शनच्या सापळ्यात अडकवणं. चांगली यादी आहे, ती आणखी कडक राबवायला हवी. पण भाड्याच्या मालावर 'विकत घ्या' अशी पाटी लावणं हा चौदावा प्रकार त्यात नाही.

कधी येणार?

किमतीचंही पाहा. २०२० मध्ये सोनीचा पीएस ५ हा कन्सोल आला तेव्हा कंपनीच्या नव्या मोठ्या गेमची डिस्क भारतात ४,९९९ रुपयांना होती. कन्सोलमधल्या डिजिटल दुकानात तोच गेम ४,९९९ ला. डबा नाही, छपाई नाही, ट्रक नाही, गोदाम नाही, दुकानदाराचं कमिशन नाही. वाचलेला पैसा ग्राहकाच्या खिशात का आला नाही?

आणि डिस्क पुन्हा विकता येते. ही फार मोठी गोष्ट आहे. पाच हजारांचा गेम खेळून संपवायचा, तीन हजारांना विकायचा, त्यात थोडी भर घालून दुसरा आणायचा. चार मित्रांत एक डिस्क फिरवायची. धाकट्या भावाला द्यायची, मामेभावाला सुट्टीपुरती द्यायची. पगारदाराच्या घरातली मुलं महागडे गेम खेळतात ती या हिशेबावर. डाउनलोडने हा हिशेबच पुसून टाकला. आता चार मित्रांनी चार वेळा पैसे भरायचे.

फ्रान्समध्ये एका ग्राहक संघटनेने यासाठी स्टीमच्या मालकांना, व्हॉल्व्ह कंपनीला, कोर्टात खेचलं. २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने सांगितलं, लोकांना त्यांचे गेम पुन्हा विकू द्या. २०२२ मध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवला.

वारशाचंही तेच. स्टीमचं खातं दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. मृत्युपत्रात लिहून ठेवलं तरी नाही. आयुष्यभर जमवलेले दोनशे गेम माणसाबरोबर संपतात.

इथवर वाचून सीडीवाले खूश झाले असतील. त्यांनी आता आपला डबा उघडून बघावा.

'कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २' २०२२ मध्ये पीएस ५ साठी डिस्कवर आला. पीएस ५ ची डिस्क १०० जीबीपर्यंत माल वाहू शकते. त्या डिस्कवर होते सुमारे ७० एमबी. उरलेला गेम इंटरनेटवरून उतरवून घ्या.

म्हणजे दुकानातून काय आणलं? प्लास्टिक.

जून २०२५ मध्ये निन्टेन्डोचा स्विच २ आला, तेव्हा बऱ्याच गेमची 'गेम-की कार्डं' निघाली. कार्डात गेम नाही, गेम उतरवण्याची किल्ली आहे. निन्टेन्डोने तसं डब्यावर समोरच छापलंय, हे मान्य. कार्ड दुसऱ्याला विकता येतं, हेही मान्य. पण किल्ली कुठवर चालणार? निन्टेन्डोचा सर्व्हर आहे तोवर. याच कंपनीने २७ मार्च २०२३ रोजी थ्रीडीएस आणि वी यू या दोन्ही कन्सोलांचं डिजिटल दुकान बंद केलं, हे विसरायचं का?

ज्यांचा गेम अर्धामुर्धा डिस्कवर आहे, त्यांनाही जीबीचा हिशेब चुकत नाही. मुंबई-पुण्यात फायबर आहे म्हणून कुणाला जाणवत नाही. तालुक्याच्या गावी रोज दीड जीबीच्या मोबाइल प्लॅनवर १०० जीबीचा गेम उतरवायचा म्हटलं, तर दोन महिन्यांहून जास्त लागतात, तेही तेवढे दिवस घरात दुसऱ्या कुणी एक व्हिडिओसुद्धा पाहिला नाही तर. अशा घरासाठी पूर्ण भरलेली डिस्क हाच गेम खेळण्याचा एकमेव मार्ग आहे. तीच डिस्क रिकामी पाठवायची?

पूर्ण गेम डिस्कवर असला तरी निश्चिंत होऊ नका. पीएस ४ मधली घड्याळाची छोटी बॅटरी संपली आणि सोनीच्या सर्व्हरशी संपर्क नसला, तर डिस्कवरचे गेमही चालत नसत. लोकांनी हे शोधून काढलं, बोंब मारली आणि सप्टेंबर २०२१ च्या अपडेटमध्ये सोनीने ते दुरुस्त केलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएस ५ प्रो आला तो डिस्क ड्राइव्हशिवाय. ड्राइव्ह हवा तर वेगळे पैसे मोजा.

तेव्हा डबा की डाउनलोड, हा प्रश्न कंपन्यांना फार सोयीचा आहे. लोक आपसात भांडत राहतात. दोन्हीकडची चावी त्यांच्याच हातात राहते.

यात फक्त खेळणाऱ्यांचं नुकसान आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी 'आलम आरा' आठवावा. देशातला पहिला बोलपट, मुंबईत तयार झाला, १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये लागला. आज त्याची एकही प्रत सापडत नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं १९६४ मध्ये. तोवर किती काय जळून, सडून गेलं होतं. गेमच्या बाबतीत आपण तीच चूक डोळ्यांदेखत करतो आहोत. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली: २०१० पूर्वी तिथे निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. मग निदान ग्रंथालयांनी आपल्या संग्रहातले असे गेम संशोधकांना दुरून वापरू द्यावेत, अशी मागणी झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ती फेटाळली.

स्वतः विकायचे नाहीत. दुसऱ्याला दाखवू द्यायचे नाहीत. मग ते गेम नक्की कुणासाठी राखून ठेवलेत?

आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला नव्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यावी लागते, मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयालाही द्यावी लागते. भारतात तयार झालेल्या गेमची प्रत कुठे जमा होते? 'राजी' शंभर वर्षांनी कुणाला बघायचा असेल, तर त्याने कुठलं दार ठोठावायचं?

ओरडून काही होत नाही, असं म्हणणारे भेटतात. होतं. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये एक्सबॉक्स वनसाठी नियम जाहीर केले होते: दर २४ तासांनी इंटरनेटवर हजेरी लावा, जुनी डिस्क विकण्यावर बंधनं पाळा. लोक खवळले. १९ जून २०१३ रोजी कंपनीने दोन्ही नियम मागे घेतले. मार्च २०२१ मध्ये सोनीने पीएस ३ आणि व्हिटा या जुन्या कन्सोलांची डिजिटल दुकानं बंद करतो म्हणून सांगितलं. लोक खवळले, एप्रिलमध्ये निर्णय फिरला. 'द क्रू'चंच घ्या. एवढा गदारोळ झाल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये युबिसॉफ्टने पुढच्या दोन भागांना इंटरनेटशिवाय खेळण्याची सोय देऊ असं जाहीर केलं. तंत्र अशक्य नव्हतं. इच्छा नव्हती.

हा गदारोळ उठवला 'स्टॉप किलिंग गेम्स' या मोहिमेने, एप्रिल २०२४ पासून. मागणी साधी आहे. सर्व्हर कायम चालवा असं कुणी म्हणत नाही. बंद कराल त्या दिवशी गेम खेळण्याजोगा ठेवून जा, एवढंच. युरोपीय संघात या मागणीवर जुलै २०२५ मध्ये १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला गेला. 

तोवर दिवाळीची खरेदी थांबणार नाही, तेव्हा थोडं रोखठोक.

एकट्याने खेळायचा, गोष्टीचा गेम असेल आणि तो पूर्ण डिस्कवर असेल, तर डिस्कच घ्या. पूर्ण आहे की नाही, ते डब्याच्या मागच्या बारीक अक्षरांत शोधा. 'डाउनलोड आवश्यक' असं दिसलं तर दुकानदाराला किती जीबी ते विचारा. त्याला माहीत नसेल तर डबा खाली ठेवा. पीसीवर खेळत असाल तर जीओजीसारख्या दुकानातून घ्या. तिथे इन्स्टॉल करायची पूर्ण फाइल मिळते. ती हार्ड डिस्कवर ठेवली की पुन्हा कुणाची परवानगी लागत नाही. डाउनलोड असूनही हा गेम तुमचा राहतो, आणि ७० एमबीची डिस्क हातात असूनही तो गेम तुमचा नसतो. जो गेम सर्व्हरवरच जगतो, त्याला भाड्याचा गेम समजा आणि भाड्याएवढेच पैसे द्या. पहिल्या दिवशी पाच हजार मोजू नका. सेलची वाट पाहा.

आणि बटणाने फसवलं असं वाटलं तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रार मराठीतही घेतात. खरेदीची पावती आणि 'विकत घ्या' लिहिलेल्या पानाचा स्क्रीनशॉट जवळ ठेवा. ते पान कंपनी कधीही बदलू शकते.