नवाबाचं कुलूप, सरकारचा जेसीबी

१७ सप्टेंबरला आमच्या बिलोलीत मराठवाडा मुक्तिदिनाचं झेंडावंदन होतं. निजामाची सत्ता कशी गेली यावर भाषणं होतात, टाळ्या पडतात, आणि आपण घरी येऊन जेवतो. त्याच्या आदल्या दिवसाचं मात्र कुणी नाव काढत नाही. १६ सप्टेंबर २०१९ रोजी तेलंगणच्या उच्च न्यायालयानं हैदराबादेतला एका नवाबाचा महाल वाचवला. कुणापासून? मतं देऊन निवडलेल्या सरकारपासून!

महालाचं नाव इर्रम मंझिल. नवाब फखरुल मुल्क यांनी १८७० च्या सुमारास खैरताबादजवळच्या टेकडीवर तो बांधला. खोल्या शंभरावर. नवाबी गेली, महालात सरकारी कचेऱ्या आल्या. १८ जून २०१९ ला मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांच्या मंत्रिमंडळानं ठरवलं, की हा पाडायचा आणि तिथं नवी विधानसभा उभी करायची. नवव्या दिवशी पायाभरणीही उरकली.

बरं, विधानसभा तोवर काय चिंचेखाली भरत होती? १९१३ मध्ये पूर्ण झालेली, पांढऱ्या घुमटांची देखणी इमारत आहे तिला. म्हणजे पायातली चप्पल धड असताना, नवी शिवायला आजोबांचा जोडा कापायचा.

कोर्टात सरकारनं हुशारी केली. म्हणालं, जुन्या वास्तू राखण्याचा नियम आम्ही २०१५ मध्येच काढून टाकलाय. आता कसली वास्तू आणि कसला वारसा? न्यायालयानं ऐकलं नाही, मंत्रिमंडळाचा निर्णयच रद्द केला. दारावरची पाटी काढली म्हणून घर बेवारस होत नाही, हे सांगायला दोन न्यायमूर्ती बसावे लागले.

सचिवालयाला हे नशीब नव्हतं. त्याच्या आवारात सैफाबाद महाल होता, १८८८ चा. सहावा निजाम महबूब अली खान तिकडे निघाला असताना घोरपड आडवी गेली, म्हणून त्यानं महालाला कुलूप ठोकलं, अशी गोष्ट हैदराबादेत सांगतात. जुलै २०२० मध्ये सचिवालय पाडलं, त्यात हा महालही गेला. सरकार म्हणालं, आग लागली तर बंब आत फिरत नाही. विरोधक म्हणाले, मुख्यमंत्रिसाहेबांना वास्तुदोष दिसतो. खरं-खोटं त्यांचं त्यांना ठाऊक. फरक एवढाच, की निजामाच्या लहरीत महाल बंद झाला, पण उभा राहिला. कुलूप उघडता येतं. जेसीबीला किल्ली नसते.

हे लिहिलं की हॉटेलात चहा पिताना कुणीतरी विचारणारच, “काय हो, नवाबाचा महाल पडला तर तुमचं काय गेलं? आपले आजे निजामाच्या रझाकारांशी लढले ना?”

लढले की. म्हणून तर सांगतो. १९४८ मध्ये निजामाची सत्ता गेली, तेव्हा त्याच्या सरकारचे महाल, कचेऱ्या, दवाखाने कुणाचे झाले? रयतेचे. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, तेव्हा त्यात आपलाही वाटा. नवाबानं नवाबाचं पाडलं असतं तर घरगुती मामला होता. आता पाडणारा आपलं पाडतो, आणि थाट मात्र नवाबाचा.

मधे आमच्या सीमेवरच्या काही गावांनी तेलंगणात जायची मागणी केली होती. शेतकऱ्याला तिकडे एकरी पैसे मिळतात, म्हणून. मागणी रास्त. पण बाबांनो, योजनेच्या मागं जेसीबीही येतो, तेवढं बघून सही करा.

आणि पाडल्याशिवाय नवं होतच नाही, हेही खोटं. मुसीच्या काठचं उस्मानिया रुग्णालय २०१५ मध्ये पाडायला निघाले होते. ओरड झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी नव्या इमारतीची पायाभरणी ३१ जानेवारी २०२५ ला झाली, ती गोशामहलला, वेगळ्या जागेवर. दहा वर्षं भांडल्यावर सापडलेली ही अक्कल पहिल्याच दिवशी जागा शोधली असती तर फुकट मिळाली असती.

आता हसू नका, आपलंही सांगतो. मराठवाड्यात गावोगावी गढ्या होत्या. कुणी सरकारी हुकूम काढला नाही, कोर्टात कुणी गेलं नाही. माळवदावर टाकायला पांढरी माती लागली, की घमेलं घेऊन गढीवर. एक घमेलं तुमचं, एक माझं. पुढे माळवदं जाऊन स्लॅब आले, तोवर गढीचा उकिरडा झालेला. आपल्याला जेसीबीचीही गरज पडली नाही.

तेव्हा यापुढे एखाद्या जुन्या इमारतीवर ‘धोकादायक’ अशी पाटी लागली, तर तीन गोष्टी विचारा. शेवटची डागडुजी कधी झाली? धोकादायक म्हणणारा इंजिनिअर कोण? आणि या जागेवर काय येणार आहे?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी तयार असेल, तर पहिले दोन विचारायची गरज नाही. इमारत धोक्याची नाही, धोक्यात आहे.