शिव्या मधल्यांना कशाला?

टीम हरली की आपल्याकडे पहिली शिवी मिडफिल्डरला पडते. उल्हासनगरच्या कॅम्पातली मॅच असो, अंबरनाथची असो नाहीतर बदलापूरची, बाहेर उभ्या असलेल्यांचा निकाल ठरलेला: मधे कोणी खेळतच नव्हतं, दोघांनाही बदला. मला हा निकाल साफ नामंजूर आहे. मधला ताबा सुटतो तो बहुतेक वेळा पुढच्यांमुळे आणि मागच्यांमुळे. मधली दोन पोरं फक्त त्याची किंमत चुकवतात.

कसं ते बघा. फॉरवर्ड चेंडू हिसकवायला थेट समोरच्या डिफेन्सच्या अंगावर जातात. आपला डिफेन्स मात्र पाठीमागे चेंडू पडेल या भीतीने आपल्याच बॉक्सला चिकटून राहतो. मधे उरतं चाळीस-पन्नास मीटरचं रान, रुंदीला आणखी साठ-सत्तर मीटर. त्यात आपले दोघे. समोरच्या कोचने मधे तिसरा माणूस आणला, की आपल्या दोघांपैकी कोणी कुठेही गेलं तरी एक जण मोकळाच. मग दोघं धावतात, नुसते धावतात. साठाव्या मिनिटाला पाय जड होतात आणि आपण वरून म्हणतो, पोरात दम नाही!

मिलानचा कोच आरिगो साक्की शेवटच्या डिफेंडरपासून सेंटर फॉरवर्डपर्यंत पंचवीस मीटरच्या वर अंतर जाऊ द्यायचा नाही. त्या टीमने 1989 आणि 1990 असा दोनदा युरोपियन कप जिंकला. त्यांचे मधले खेळाडू थोर होतेच, पण त्यांच्या आजूबाजूला माणसंही होती. आपल्या लोकलचंच घ्या: कर्जत आणि कसारा या दोन्ही मार्गांचा भार कल्याणवर येतो. तिथे खोळंबा झाला तर बदलापूरच्या मोटरमनला दोष कोण देतं?

दुसरं कारण मानेत आहे. चेंडू पायाशी आल्यावर वर बघणारा मिडफिल्डर उशिरा बघतो. नॉर्वेच्या गेइर योर्डेट यांनी इंग्लिश प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंच्या चित्रफिती घेऊन मोजदाद केली: चेंडू येण्याआधी जे जास्त वेळा मान वळवून बघतात, त्यांचे पास जास्त अचूक जातात. फ्रँक लॅम्पार्ड चेंडू मिळण्याआधी सेकंदाला 0.62 वेळा बघायचा, म्हणजे दर दीड-दोन सेकंदांनी एकदा. हे शिकवता येतं. पण आपल्या मैदानांवर शिकवणीच्या नावाखाली एकच आरोळी ऐकू येते, 'उडव!' उडवलेला चेंडू डोक्याला लागून खाली पडतो, तो उचलायला जवळ आपलं कोणी नसतं आणि हल्ला पुन्हा आपल्यावर. गेला ताबा.

मोठ्या टीमचंही याहून वेगळं होत नाही. मुंबई सिटीने 4 मे 2024 ला कोलकात्यात मोहन बागानला 3-1 हरवून आयएसएल कप जिंकला. त्यानंतर मधला आधार असलेला मिझोरामचा अपुइया मोहन बागानकडे गेला. आल्बेर्तो नोगेरा, पुढचा परेरा डियाझ आणि मागचा राहुल भेके हे तिघे बेंगळुरूकडे. बदली आले ते काही कच्चे नव्हते. योएल व्हान निफ आणि गोव्याचा ब्रँडन फर्नांडिस, दोघंही चेंडूचे जाणकार. तरीही मुंबई सहावी आली आणि 29 मार्च 2025 ला प्लेऑफमध्ये बेंगळुरूकडून 5-0 हरली. पहिला गोल सुरेश सिंग वांगजाम या मिडफिल्डरचा, पाचवा डियाझचा! मोहन बागानने त्या मोसमात लीगची शील्ड आणि कप दोन्ही नेले, आणि सेमीफायनलमध्ये जमशेदपूरविरुद्ध इंज्युरी टाइममध्ये लांबून मारलेला निर्णायक गोल अपुइयाचा होता. माझ्या मते मुंबईने नुसता खेळाडू गमावला नाही, कोणी कुठे उभं राहायचं याची मुरलेली समज गमावली. ती एका उन्हाळ्यात विकत मिळत नाही.

आता आपल्याकडे या. अंबरनाथ युनायटेड अटलांटा हा क्लब शहराचं नाव घेऊन मुंबईच्या लीगमध्ये खेळला, म्हणजे इथे खेळाची भूक आहे. जागा मात्र नाही. उल्हासनगरचं क्षेत्रफळ सुमारे 13 चौरस किलोमीटर आणि 2011 च्या जनगणनेत वस्ती पाच लाखांवर. पोरं खेळतात ती तासाच्या भाड्याच्या टर्फवर, जाळीच्या आत, पाच-पाच जण. त्याने पाय सफाईदार होतात, हे मी मानतो. पण तिथे गोलकीपरने हाताने फेकलेला चेंडू थेट पुढच्याकडे पोहोचतो. मधे जागाच नाही, तर मधे उभं राहायला शिकणार कुठे? आणि त्याच पोराला वर्षातून एखाद्या स्पर्धेत 105 बाय 68 मीटरच्या मैदानावर उतरवून आपण त्याच्याकडून ताबा मागतो. हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि तो दरवर्षी होतो.

तिन्ही शहरांच्या कारभाऱ्यांनी प्रत्येकी एक पूर्ण मापाचं मैदान आठवड्यातल्या ठरावीक सकाळी फुटबॉलसाठी राखून ठेवावं. मंडप नाही, पार्किंग नाही, मेळावे नाहीत. आणि कोच मंडळी, मैदान मिळेपर्यंत थांबू नका. पुढच्या मॅचला मधल्यांवर ओरडण्याआधी मागच्या चौघांना दहा पावलं वर आणा, पुढच्या दोघांपैकी एकाला दहा पावलं खाली बोलवा आणि चेंडू समोरच्या टीमकडे असताना मधलं अंतर स्वतः डोळ्यांनी मोजा. तेवढं करूनही ताबा सुटला, तर खुशाल त्या दोघांना बदला.